पथ्याचा अंमल : ओबर्लिनच्या विद्यार्थ्यांची हकीगत



आमच्या युनियनच्या कचेरीत येणाऱ्या तक्रारी ठराविक असतात. बोनस थकला, हजेरी मांडली नाही, पाळी बदलली, अपघाताची भरपाई अडकून पडली. अशा तक्रारी ऐकण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु गेल्या दिवाळीनंतर यंत्रमागावरचा एक जुना कामगार आला, खुर्चीवर बसला आणि बराच वेळ बोलेचना. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. मग त्याने सांगितले की तक्रार मालकाची नाही, मुलाची आहे.

मुलगा पुण्यास वसतिगृहात राहून शिकतो. हुशार आहे. दिवाळीला घरी आला तो सोबत सोनाराकडे असतो तसला एक लहानसा काटा घेऊन आला. मोड आलेले मूग त्यावर तोलायचे, गाजराचे तुकडे तोलायचे, आणि वहीत आकडा मांडून मग तोंडात घालायचे. आईच्या हातची ज्वारीची भाकरी त्याला चालते, पण तव्यावर तेलाचे बोट फिरले असेल या संशयाने तो ती खात नाही. शेंगांची चटणी तर सोलापुरात जन्मून त्याने वर्ज्य केली. बहिणीच्या सुपारीला पंगत बसली तेव्हा हा कोपऱ्यात स्वतःचा डबा उघडून बसला, आणि डब्यातली काकडी कोणी दुसऱ्या सुरीने चिरली असे कळताच तोही डबा मिटून उपाशी उठला. सदरा अंगावर लोंबू लागला आहे. "साहेब," तो कामगार म्हणाला, "पोरगं दारू पीत नाही, तंबाखूला शिवत नाही, म्हणून मी सगळ्या गल्लीत मान वर करून हिंडत होतो. आता ते जेवतच नाही. ह्याची तक्रार कुणाकडं करू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढले जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे उत्तर नसले की वाचनालयाची पायरी चढावी, एवढी एकच सवय आम्हांस लागली आहे. तिथे जे वाचले, त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो. विषय खाण्याचा असला तरी आम्ही वैद्य नव्हे. आम्ही इतिहास सांगणार आहोत, आणि तोही एका खाणावळीचा.

प्रथम एक नाव सांगून टाकतो, कारण हल्ली नाव दिल्याशिवाय लोकांचा आजारावर विश्वास बसत नाही. स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने 1997 साली या वृत्तीला 'ऑर्थोरेक्सिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ऑर्थोस' म्हणजे योग्य, 'ओरेक्सिस' म्हणजे भूक. योग्य भुकेचा आजार, असे म्हणा. हा गृहस्थ स्वतः तरुणपणी न्यूयॉर्क प्रांतातल्या एका सामुदायिक शेतावर राहत होता, आणि प्रत्येक घास मोजून चावून खाण्याचा नाद त्यालाही लागला होता. अमेरिकेच्या मानसरोगतज्ज्ञांची जी अधिकृत यादी 2013 साली निघाली, तीत हे नाव नाही. विद्यार्थ्यांत या नादाचे प्रमाण किती, हे शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. पण प्रश्नावली बदलली की उत्तर इतके बदलते की कुठे शेकडा चार-पाच निघतात, तर कुठे निम्म्याहून अधिक. तेव्हा आकड्यांच्या नादी आम्ही लागत नाही. एवढे मात्र खरे की नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. एका संपूर्ण महाविद्यालयाने तिचा अनुभव पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतला, आणि त्या अनुभवाचा शेवट चक्क एका जाहीर सभेत झाला. सभेचे नाव निघाल्यावर आम्ही त्या हकीगतीला सोडतो थोडेच!

अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात ओबर्लिन म्हणून गाव आहे. 1833 साली जॉन शिपर्ड आणि फायलो स्टुअर्ट या दोघा धर्मनिष्ठ मित्रांनी जंगल तोडून, चिखलाच्या जमिनीवर हे गाव आणि त्यातली विद्यासंस्था एकदमच वसवली. आल्सेस प्रांतातल्या ज्या परोपकारी पाद्र्याचे चरित्र वाचून ते भारावले होते, त्याचे नाव गावाला दिले. गावात राहायला येणाऱ्याने एका प्रतिज्ञापत्रावर सही करावयाची. त्यात साधे व सात्त्विक अन्न खाईन, तंबाखू सोडीन, चहाकॉफीही शक्य तोवर वर्ज्य करीन, अशी कलमे होती. संस्थेचे ब्रीद होते 'विद्या आणि श्रम'. म्हणजे विद्यार्थ्याने दिवसाकाठी चार तास अंगमेहनत करावी, लाकडे तोडावी, शेत नांगरावे, आणि त्या मजुरीतून आपला खर्च भागवावा. गरिबाच्या मुलाला शिकता यावे म्हणून काढलेली ही युक्ती. मुलीही पहिल्यापासून होत्या. त्यांच्या वाट्याला स्वयंपाक, धुणे आणि मुलांच्या कपड्यांची शिवणटिपण आली. हे आम्ही मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

ही माणसे लहान मनाची होती असे कोणी समजू नये. सिनसिनाटी शहराजवळच्या लेन नावाच्या धर्मविद्यालयात 1834 साली विद्यार्थ्यांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर ओळीने अठरा रात्री वाद केला आणि गुलामगिरी ताबडतोब नष्ट झाली पाहिजे असा निष्कर्ष काढला. विश्वस्त घाबरले, त्यांनी चर्चाच बंद केली. तेव्हा विद्यार्थी उठले आणि विद्यालय सोडून चालते झाले. त्यांतले पुष्कळजण 1835 साली ओबर्लिनला आले ते अशी अट घालून की इथे काळ्या विद्यार्थ्यांना मज्जाव असता कामा नये. ती अट मान्य झाली. ज्या देशात त्या वेळी लाखो माणसांची खरेदीविक्री चालली होती, त्या देशात ही गोष्ट केवढी मोठी! अन्नाविषयी कडक नेम स्वीकारणारी पोरे ही अशी होती. जगातला अन्याय सहन न होणाऱ्या माणसाला आपल्या ताटातली अशुद्धीही सहन होत नाही, असे पुष्कळदा दिसते. चळवळीत आम्ही असे तरुण पाहिले आहेत. त्यांच्याशिवाय चळवळ चालत नाही आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसणे मात्र कठीण जाते.

आता ताटात काय वाढायचे हे ज्याने सांगितले, त्याच्याकडे वळू. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम (1794–1851) हा कनेक्टिकटचा एक धर्मोपदेशक. बालपण पोरकेपणाचे, प्रकृती तोळामासा. दारूबंदीची व्याख्याने देता देता तो आहाराकडे वळला. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा : माणसाचा बहुतेक रोग उत्तेजनातून उपजतो. मांस, मद्य, चहा, कॉफी, तंबाखू, मिरी, मोहरी, शिर्का हे सगळे पदार्थ जठराला डिवचतात. जठर डिवचले की सगळे शरीर पेटते, आणि शरीराबरोबर वासनाही. म्हणून न चाळलेल्या गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचा, कोंड्यासकटचा पाव खावा, तोही शिळा. भाज्या, फळे, थंड पाणी. कठीण अंथरुण, उघडी खिडकी, गार पाण्याची आंघोळ. ऐकणाऱ्याला वाटेल की हा गुरुकुलातला ब्रह्मचर्याश्रम झाला. खरोखरच तरुणांच्या ब्रह्मचर्यावरील त्याची व्याख्याने 1834 साली पुस्तकरूपाने निघाली आणि ती हातोहात खपली.

ग्रॅहॅम हा व्याख्याता होता हे लक्षात ठेवले पाहिजे. तो काळ अमेरिकेत व्याख्यानमालांचा होता. दिवसाची कामे आटोपून गावकरी मंडळी दिवाणखान्यात जमायची, आणि आज आपण येथे बसलो आहोत तशी बसायची. 1832 साली न्यूयॉर्कमध्ये पटकी आली. डॉक्टर म्हणत होते, भाजी-फळांना शिवू नका, मांस खा. ग्रॅहॅम बरोबर उलटे सांगत होता. ज्यांनी त्याचे ऐकले ते वाचले, असे त्याचे अनुयायी पुढे शपथेवर सांगत. पटकीचे जंतू पाण्यातून येतात हे त्या वेळी दोघांनाही ठाऊक नव्हते. परंतु भेदरलेल्या शहराला 'हे खाल तर जगाल' असे ठामपणे सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो तिथे उभा होता.

1837 साली त्याने पावावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाजारातले पाववाले पिठात भेसळ करतात, चांगला पाव घरच्या बाईनेच भाजावा, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्याच्या व्याख्यानावर पाववाल्यांनी आणि खाटकांनी मोर्चा नेला. सभागृहाच्या वरच्या खिडक्यांतून ग्रॅहॅमच्या अनुयायांनी जमावाच्या डोक्यावर चुन्याची भुकटी ओतली तेव्हा जमाव पांगला. ग्रॅहॅमची चरित्रे ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. आम्हांस मात्र ती वाचताना हसू आले नाही. भट्टीपुढे रात्र काढणाऱ्या माणसाला 'तू विष विकतोस' असे भर सभेत सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे. भेसळ करणारा मालक निराळा आणि पीठ मळणारा गडी निराळा, हा भेद त्या व्याख्यानात होता की नाही कोणास ठाऊक; डोक्यावर चुना पडला तो दोघांच्याही.

कोंड्याच्या बाबतीत ग्रॅहॅम चुकला नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. कारण मात्र त्याला माहीत नव्हते. जावा बेटात डच डॉक्टर आयकमन यांनी 1890 च्या सुमारास पाहिले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. 1912 साली फुंक या शास्त्रज्ञाने अशा अन्नघटकांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिले. 1929 साली आयकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्या हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ वापरीत, त्यांना कोणी पारितोषिक दिले नाही. असो.

परत ओबर्लिनला येऊ. पहिली काही वर्षे विद्यार्थ्यांनी ग्रॅहॅमचा आहार बव्हंशी आपखुशीने आणि मोठ्या उत्साहाने चालवला. मिशनरी म्हणून जगभर जायचे, गुलामांची मुक्तता करायची, त्यासाठी शरीर काटक हवे, मन निर्मळ हवे, खर्च कमी हवा. या तिसऱ्या कारणाकडे इतिहासकारांचे लक्ष थोडे कमी जाते, आमचे मात्र आधी तिकडेच गेले. मांस महाग, कोंड्याचा पाव स्वस्त. संस्थेचा मुख्य आधार न्यूयॉर्कचे रेशमाचे व्यापारी आर्थर टॅपन. 1837 साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि टॅपन यांच्या पेढीने मे महिन्यात हात वर केले. प्राध्यापकांच्या पगाराचे आश्वासन हवेत राहिले. 1839 साली संस्थेचे दोन प्रतिनिधी झोळी घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथल्या गुलामगिरीविरोधी मंडळींकडून सुमारे 30,000 डॉलर जमवून आणले. अशा घरात सात्त्विक आहाराची महती वाढावी यात नवल नाही. ती माणसे ढोंगी होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांची श्रद्धाही खरी होती आणि तिजोरीही खरोखरच रिकामी होती. दोन्ही गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या होत्या, आणि घास घेताना कोणता कशाचा हे खाणाऱ्यालाही सांगता आले नसते. काटकसरीला तत्त्वज्ञानाचे नाव मिळाले की तिच्याविरुद्ध बोलणे अवघड होते, कारण बोलणारा भुकेला न ठरता भ्रष्ट ठरतो.

1840 साली खाणावळीवर नवा व्यवस्थापक आला. त्याचे नाव डेव्हिड कॅम्बेल. बॉस्टनमध्ये तो ग्रॅहॅमच्या मतांचे नियतकालिक 1837 पासून 1839 पर्यंत चालवीत असे. म्हणजे लेखणी टाकून माणूस थेट कोठीघरात आला. आजवर जो नेम होता, त्याचा आता नियम झाला. मांस गेले, चहाकॉफी गेली, मसाला गेला. कोंड्याचा पाव, उकडलेले पदार्थ आणि पाणी. चार तास कुऱ्हाड चालवून आलेल्या पोराला हे पुरते की नाही, हे त्या पोराने ठरवायचे नव्हते. आजूबाजूला जंगल, गावात दुसऱ्या कोणाच्या घरी जेवायचे तर खिशात पैसा हवा, आणि पैसा नव्हता म्हणूनच तर तो तिथे आला होता.

याच सुमाराच्या मिऱ्याच्या डबीची गोष्ट प्रसिद्ध आहे. जॉन कॉल्स नावाचे प्राध्यापक भोजनगृहात आपली स्वतःची मिऱ्याची डबी घेऊन येत, ती आणणे त्यांनी सोडले नाही, म्हणून त्यांना कामावरून काढले, असे सांगतात. त्यांना 1839 साली काढले हे खरे. म्हणजे कॅम्बेल येण्यापूर्वीच, आपखुशीचे दिवस चालू असतानाच, मिऱ्याची डबी डोळ्यांवर येऊ लागली होती. डबीचे कितपत खरे ते सांगता येत नाही. कॉल्स यांचे संस्थेच्या चालकांशी इतर अनेक बाबतींत मतभेद होते आणि त्यांची जीभही तिखट होती. बडतर्फीची प्रकरणे आम्ही पुष्कळ लढवली आहेत. मिऱ्याच्या डबीसाठी कोणी कोणाला काढीत नाही. आधी काढायचे ठरते, मग डबी सापडते. पण डबी पुढे करता आली, ती गुन्हा म्हणून लोकांना पटू शकली, यावरून त्या गावचे वारे कळते. जिथे मिरी हा स्वभावदोष मानला जातो, तिथे माणसाच्या तोंडाची चव हीसुद्धा व्यवस्थापनाच्या अखत्यारीत गेलेली असते.

कुरबुर वाढत गेली. विद्यार्थी अशक्त होतात, चेहरे पांढरे पडतात, अशी बाहेर बोलवा होती. अखेर 1841 साली एक जाहीर सभा बोलावण्यात आली. खाणावळीत जेवणाऱ्या अनेकांची प्रकृती तिथल्या आहाराने बिघडली आहे. एक तर बदल एकाएकी लादला गेला, आणि दुसरे म्हणजे माणसाचे शरीर आज ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत हा आहार त्याला पुरा पडत नाही, अशा आशयाची तक्रार सभेपुढे मांडली गेली. शब्दांची ही मांडणी आम्हांस फार आवडली. 'आज ज्या अवस्थेत आहे' म्हणजे काय? उद्या मानवजात अधिक शुद्ध होईल, देवदूतांप्रमाणे पाण्यावर राहील, त्याला आमची ना नाही. पण तोवर आम्हांला भूक लागते! आदर्शाला नकार न देता त्याची अंमलबजावणी थांबवण्याची ही रीत एखाद्या मुरलेल्या युनियनवाल्याला शोभणारी आहे. कॅम्बेल यांनी जागा सोडली. मांस परत आले. ज्यांना कोंड्याचा पाव हवा होता ते तो खात राहिले, आणि त्यांना कोणी अडवले नाही.

आपल्याकडे 1948 साली कारखान्यांचा कायदा झाला, तेव्हा अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह असावे, आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी बसावेत, यासाठी नियम करण्याची तरतूद तीत घालण्यात आली. भाव किती, पदार्थ कोणते, हे एकट्या मालकाने ठरवू नये, एवढाच त्याचा अर्थ. हे कलम प्रथम वाचले तेव्हा आम्हांस ते किरकोळ वाटले होते. पगारवाढीच्या मागण्यांत वड्याचा आकार काय म्हणून घालायचा? पुढे एका कारखान्यात या उपाहारगृह समितीवर तीन वर्षे काढली आणि मत बदलले. पगारावर माणूस वर्षातून एकदा भांडतो, ताटावर रोज मुकाट्याने गिळतो.

महात्माजींच्या नावाशिवाय आहाराची चर्चा आपल्याकडे पुरी होत नाही. 1888 साली बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. म्हणजे तेही परदेशी वसतीला असलेले विद्यार्थीच. मसाला सोड, स्टार्च सोड, अंडी धर, अंडी सोड, असे त्यांचे प्रयोग चालत, आणि ते त्यांनी स्वतःच न लपवता सांगितले आहेत. परंतु आम्हांस त्यांचा दुसरा एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते होते. मंडळाचे अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स हे थेम्स नदीकाठच्या जहाजाच्या मोठ्या कारखान्याचे मालक, आणि नीतीच्या बाबतीत अत्यंत कडक. मंडळातले एक डॉक्टर ॲलिन्सन हे मजूरवर्गात संततिनियमनाचा प्रचार करीत. हिल्स यांना ते अनीतीचे वाटले आणि डॉक्टरांना मंडळातून काढावे असे ठरू लागले. तरुण गांधींना डॉक्टरांची मते पसंत नव्हती. तथापि शाकाहारी मंडळात राहण्यासाठी मनुष्य शाकाहारी असला म्हणजे पुरे, बाकीच्या शुद्धतेची परीक्षा घेण्याचा अधिकार मंडळाला नाही, असे त्यांनी लिहून आणले. उभे राहून वाचण्याचा धीर झाला नाही, तेव्हा ते दुसऱ्याने वाचून दाखवले. डॉक्टर हरले. आपल्या ताटाविषयी इतका काटेकोर असलेला मुलगा दुसऱ्याच्या सभासदत्वाविषयी मात्र उदार होता. जहाजाच्या मालकाला ते जमले नाही.

ओबर्लिनची गोष्ट 1841 सालीच संपवता आली असती, कारण त्याच वर्षी तिथल्या तीन मुलींना पदवी मिळाली आणि अमेरिकेत मुलांच्या बरोबरीने अभ्यास करून पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांचे नाव झाले. चांगला शेवट झाला असता. पण मघाशी आम्ही स्वयंपाकघरातल्या मुलींविषयी लागेल म्हणून सांगून ठेवले होते. त्या सभेने ताटात काय वाढले जाते ते बदलले. वाढणारीचे काय? दोन वर्षांनी, 1843 साली, लूसी स्टोन नावाची शेतकऱ्याची मुलगी ओबर्लिनला शिकायला आली. श्रमाच्या योजनेतून तिला घरकाम मिळाले, मजुरी तासाला तीन सेंट. मुलांना त्यांच्या कामाचे याच्या दुपटीहून अधिक मिळत. पुढे तिला वर्गावर शिकवण्याचे काम मिळाले, तिथेही पुरुषांहून पगार कमी. तिने सारखा पगार मागितला, नकार आला, तिने राजीनामा दिला. तेव्हा तिचे विद्यार्थी पुढे झाले. तुम्ही देत नसाल तर फरक आम्ही देतो, असे त्यांनी चालकांना कळवले. शेवटी चालक नमले, आणि तिच्याबरोबर शिकवणाऱ्या इतर विद्यार्थिनींचाही पगार मुलांच्या बरोबरीने झाला. हीच पुढे अमेरिकेतली स्त्रीहक्काची मोठी पुढारी झाली. आहाराच्या विषयात हे अवांतर आहे असे कोणाला वाटले तर आमचा इलाज नाही. ताट घासणाऱ्याला सोडून आहाराचा इतिहास सांगणे आमच्याने होत नाही.

आता त्या मुलाकडे वळतो. त्याच्या बापाला आम्ही ही हकीगत थोडक्यात सांगितली होती. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला ओहायो कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसते, पण खाणावळीतल्या जुलमाची गोष्ट तो लक्ष देऊन ऐकत होता. कॅम्बेल गेला म्हटल्यावर हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "बरं झालं. पण साहेब, तिथं तो मॅनेजर बाहेर होता. सगळ्यांना दिसत होता. आमच्या पोराच्या तर आतच बसलाय तो. त्याला काढायला सभा कुठं भरवायची?"

तीस वर्षांत इतका नेमका मुद्दा आमच्यापुढे क्वचितच कोणी मांडला असेल. त्या मुलाच्या वसतिगृहातला स्वयंपाकी त्याला हवे ते द्यायला तयार आहे, घरी आई तयार आहे, कायदा त्याच्या बाजूने आहे. हुकूम देणाराही तोच, उपाशी राहणाराही तोच, आणि वहीत नोंद करणारा कारकूनही तोच. ग्रॅहॅमच्या पोरांना निदान सोबत होती; एकाच बाकावर बसून शंभर जण तोच कोरडा पाव चावत होते, आणि वेळ आली तेव्हा एकत्र उठले. हा आपल्या काट्यापुढे एकटा बसतो. काट्याचे आकडे कोणासाठी जपतो, कोणाला भितो, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. आम्ही एकदा त्याला कचेरीत बोलावून घेतले. उपदेश केला नाही. शहाणा मुलगा आहे, वाचन आमच्याहून जास्त आहे. कोंड्याचे, जीवनसत्त्वांचे त्याने आम्हांलाच चार गोष्टी सांगितल्या. शेवटी एवढेच विचारले की शेवटचे पोटभर कधी जेवलास. तो विचार करू लागला. वहीशिवाय त्याला ते आठवेना.

सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून दोनदा चालतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासले, वजन घेतले, रक्त पाहिले आणि गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही असे बापाला स्पष्ट सांगितले. पहिल्या खेपेला बाप बळेच घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला मुलगा आपण होऊन गेला, पण काटा सोबत घेऊन. बाईंनी तो टेबलावर ठेवून घेतला नाही की फेकायलाही सांगितले नाही. पुढच्या वेळी यायचे तर घेऊन ये, म्हणाल्या. संक्रांतीनंतर तो पुण्याला परत गेला आहे. दर पंधरवड्याच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो आणि सोमवारी रुग्णालयात जाऊन परत जातो. मधल्या रविवारी घरी भाकरी करतात. खातो की नाही, हे त्याची आई आता विचारीत नाही; ताट मांडते आणि स्वतः समोर जेवायला बसते.